बेंडकी चबुतऱ्यावर बसणार नाही

मी, मनकर्णा भाऊराव पडघान, माहेरची लहाने, वय ७४ वर्षे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, हा कागद माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही आणि मी गुंगीचे कोणतेही औषध घेतलेले नाही. डोके ठिकाणावर आहे की नाही हे बघायला डॉ. धम्मशीला तायडे घरी आल्या होत्या. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या स्कुटीचा मागचा ब्रेक घासतो आहे, तोही बघून घ्या म्हटले. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

हा माझा पहिला आणि शेवटचा मृत्युपत्राचा कागद. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्या नावाचा दुसरा कोणताही कागद कोणी पुढे आणला, तर तो खोटा समजावा आणि आणणाऱ्याला सरळ पोलीस ठाण्यात न्यावे, मग तो माझ्या रक्ताचा का असेना.

मला मूलबाळ नाही. माझे पती कै. भाऊराव २००९ साली वारले. सासरच्या मंडळींना त्यांचे जे होते ते भाऊरावांनी हयातीतच देऊन टाकले, त्यांचा माझ्याकडे काही हक्क उरलेला नाही आणि खरे सांगायचे तर त्यांनी कधी मागितलाही नाही. त्रास आहे तो माहेरचा. माझे थोरले बंधू किसनराव माणिकराव लहाने, राहणार साखरखेर्डा, आणि त्यांचा मुलगा गोकुळ, या दोघांचे लक्ष माझ्या एका वस्तूवर आहे. वकील जयमालाताईंनी मला समजावून सांगितले की, बाईला मूल नसेल आणि तिने कागद केला नसेल, तर बापाकडून वारशाने आलेली वस्तू बापाच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे मी नुसती मेले तरी गोकुळचे काम झाले. हे ऐकल्यावर मी चहासुद्धा पुरा प्यायले नाही.

कलम १. गाडी

माझ्या मालकीची एक दोन आसनी, उघड्या टपाची, १९५२ सालची विलायती स्पोर्ट्स मोटार आहे. रंग हिरवा. नंबर आणि बाकीचा तपशील नोंदणी पुस्तकाप्रमाणे. तिचे दोन मोठे दिवे बेडकीच्या बाहेर आलेल्या डोळ्यांसारखे दिसतात म्हणून आख्खा तालुका तिला बेंडकी म्हणतो, आणि या कागदातही मी तेच नाव वापरणार आहे.

माझे वडील माणिकराव कापूस घेऊन खामगावला जात. तिथल्या एका जिनिंगचा गोरा मॅनेजर देश सोडून निघाला तेव्हा वडिलांनी त्याची ही गाडी घेतली. गरज काही नव्हती, हौस होती. घरी आणली तेव्हा आई, कौशल्याबाई, दारात येऊन म्हणाली, "हिच्यात दोघंच बसतात. घरात आपुन चौघं. मंग उरलेल्या दोघाईनं काय पयत यावं?" वडिलांनी पुढच्या आठवड्यात किसनरावांना चालवायला शिकवायला घेतले. किसनरावांनी पहिला गिअर टाकताना असा काही आवाज काढला की त्यांनी स्वतःच दार उघडून उडी टाकली. गाडी जाऊन ज्वारीत उभी राहिली. ती परत काढायला मी बसले, आणि मग वडिलांनी मलाच शिकवले. अर्थात शेतातल्या वाटेवर. डांबरी रस्ता लागला की ते म्हणत, "सरक बाजूले. लोक पाहून राह्यले." मी सरकत असे.

या गाडीचे चालवणे कसे असते ते इथे लिहिते, कारण ज्यांना ती हवी आहे त्यांनी ती कधी चालवलेली नाही. सकाळी चोक ओढावा लागतो, आणि किती ओढायचा हे थंडीवर असते. पहिला गिअर पडायला गाडी पूर्ण थांबलेली लागते. वरून खालच्या गिअरला यायचे तर क्लच दोनदा दाबायचा आणि मधे नेमका तेवढाच वेग द्यायचा. कमी दिला तर खरखर, जास्त दिला तर धक्का. ब्रेक लावण्याचा विचार समोरचा बैल दिसण्याआधी करावा लागतो. पावसात टप लावले तरी मांडीवर पाणी येते. उन्हाळ्यात इंजिनाची सगळी उष्णता पायांवर. साठच्या वेगाला वाटते की आता आपण उडणार. अहाहा, काय वाटते ते लिहिता येत नाही मला. त्या वेळी डोक्यात दुसरे काहीही राहात नाही. नवरा गेला हेसुद्धा राहात नाही.

कलम २. गाडी माझ्याकडे कशी आली

वडील १९८७ साली गेले. पुढच्या वर्षी किसनरावांनी मला मोठ्या प्रेमाने माहेरी बोलावले. पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी मला सिंदखेडराजाला तहसिलीत नेले आणि हक्कसोड पत्रावर सही घेतली. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की बहिणीला बोलवायचे, जेवू घालायचे, अंगावर साडी घालायची आणि तिच्या वाट्याच्या जमिनीवर सही घ्यायची. सही न देणारी बहीण म्हणजे माहेर बुडवणारी. आई माझ्या शेजारी बसून म्हणाली, "करून दे बाई सही. जमीन घेऊन काय कराचं तुले? माहेर राहीन."

मी सही केली. पेन ठेवताना मी म्हटले, "दादा, गोठ्यातली गाडी मले दे." तेव्हा बेंडकी गोठ्यात पडून होती, तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. किसनराव इतके हसले की तलाठ्यालाही हसू आले. म्हणाले, "ने की! भंगारवाला फुकट नेत नाई तिले." तिथल्या तिथे त्यांनी गाडीवरचा हक्क सोडल्याचे लिहून दिले. बैलगाडीला बांधून ती लव्हाळ्याच्या फाट्यापर्यंत आणली आणि पुढे ट्रकमध्ये. भाऊरावांनी मला एका शब्दाने विचारले नाही की जमीन सोडून हे काय आणलेस. उलट रविवारी पंचायत समितीतल्या नोकरीचा शर्ट काढून तेच बॉनेटखाली वाकले. तीन वर्षे आम्ही दोघांनी ती गाडी उभी केली. नंतर मी चालवायची आणि ते डाव्या सीटवर छत्री धरून बसायचे. मेहकरात लोक हसले. हसोत.

माहेर राहिले का, तेही लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला हिशोब कळेल. भाऊबीजेला साडी येत राहिली. भाऊराव गेल्यावर मी मन रमवायला साखरखेर्ड्याला जाऊन राहिले. आठवडा झाला नसेल, वहिनींनी पाहुण्यांसमोर विचारले, "मंग कवा निंघता, वन्सं?" किसनराव तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले. मी त्याच दुपारी निघाले.

कलम ३. नवी गाडी

समृद्धी महामार्गात किसनरावांची जमीन गेली. त्यात मी सोडलेला वाटाही गेला. तो पैसा आला तसा गोकुळच्या अंगात आला. मेहकरच्या बाजूला त्याने हॉटेल टाकले आणि यंदा मुंबईहून एक पिवळी स्पोर्ट्स मोटार आणली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कंपनीचा काही दोष नाही.

मी खोटे लिहिणार नाही. गाडी चांगली आहे. गोकुळने मला तीत बसवून समृद्धीवर फिरवले. ब्रेक असे की देवा, असे ब्रेक मला तीस वर्षांपूर्वी मिळाले असते तर दोन कुत्री आणि एक दुधाची किटली वाचली असती. सीट पाठीला धरून ठेवते. गिअर आपोआप पडतात, तरी हौसेसाठी स्टेअरिंगमागे दोन पाती दिली आहेत. पण एकशेवीसच्या वेगाला मला जांभई आली. काही कळतच नाही हो! रस्ता खाली आहे की नाही, वारा कुठून आहे, काही नाही. बँकेत नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे. मी म्हटले, "आवाज तेवढा चांगला आहे इंजिनाचा."

गोकुळ खूश होऊन म्हणाला, "आत्या, तो स्पीकरमधून येऊन राह्यला. कमी-जास्त कराले बटन हाये, पाह्य." आणि त्याने बटण दाबून इंजिनाचा आवाज कमी करून दाखवला.

मी त्याला विचारले, "मंग तू काय करून राह्यला इथं बसून?" त्याला वाटले आत्या गंमत करते आहे.

दसऱ्याला ती गाडी पूजेसाठी साखरखेर्ड्याला न्यायची ठरली, कारण किसनरावांना ती गावाला दाखवायची होती. मी बेंडकी घेऊन गेले होते. आमच्या गावाच्या तोंडाशी शाळेपुढे जो गतिरोधक आहे, तो लोकांनीच डांबराचा ढीग टाकून केलेला आहे, बैलगाडीचाही आस अडकतो त्यावर. मी गोकुळला आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते, "तिरपी घे. एक चाक आधी, मग दुसरे." पण पुढे बँड, मागे मोबाईलवर शूटिंग करणारे, आणि तिरपी गाडी फोटोत चांगली दिसत नाही. त्याने सरळ घातली. गाडी पोटावर बसली. पुढची चाके जेमतेम जमिनीला लागलेली.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण मुहूर्त टळत होता. किसनराव म्हणाले, पूजा इथंच करून टाका. अश्विनीने, म्हणजे गोकुळच्या बहिणीने, ओवाळले. चाकांखाली लिंबे ठेवली. आता लिंबे फुटणार कशी? गाडी हलेना. एक जण म्हणाला, "लिंबू फुटल्याबिगर पूजा लागत नाई." झाले! दहा-बारा जणांनी मागून धरून गाडी रेटायला सुरुवात केली. मी ओरडले, "अरे नका, खाली प्लास्टिक आहे, फाटेल." माझे कोण ऐकतो? लिंबे फुटली. त्याबरोबर खालचे सगळे कवच करकरत फाटले, तेलाची धार लागली, आतल्या पडद्यावर लाल चिन्हे पेटली आणि गाडीने गिअर धरून ठेवला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की ट्रॅक्टरने ओढू नका, उचलून न्यायची गाडी उद्या येईल. रात्रभर ती पिवळी गाडी गतिरोधकावर हार घालून बसलेली होती. सगळ्या पंचक्रोशीने येऊन पाहिली, त्यामुळे किसनरावांची दाखवायची इच्छा तेवढी पुरी झाली.

शेवटची ओळ काढून टाका असे जयमालाताई म्हणाल्या. मी ठेवली आहे.

कलम ४. चबुतरा

दसऱ्याला झालेली फजिती गोकुळला झोंबली. पंधरा दिवसांत तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी चहा ठेवायला आत गेले, परत येते तर हा टेप घेऊन बेंडकीची लांबी मोजतो आहे. मी म्हटले, "काऊन मोजून राह्यला रे?"

तो हसत म्हणाला, "आत्या, हॉटेलापुढं चबुतरा बांधला तिच्यासाठी. टाइल्स, लाइटा, समदं. लोक फोटो काढतीन. इंजिन काढून घेऊ, मंग हलकी होईन, वर चढवाले बरी. तुझं नाव लिहू खाली, 'आत्याची आठवण'."

मी जिवंत त्याच्यासमोर उभी होते हो, चहाचा कप हातात घेऊन.

मी म्हटले, "गाडी मी अजून चालवतो, गोकुळ."

तर म्हणाला, "हाव, पण किती दिवस? अन् तसंही माहेरची वस्तू माहेरालेच येते. बाबांनी वकिलाले इचारलं."

चबुतरा आधी बांधला, मग मोजायला आला. मी मरायची वाटसुद्धा त्याने नीट पाहिली नाही. त्या दिवसापासून माझी झोप गेली, हे मी इथे स्पष्ट लिहिते. मरणाचे मला काही नाही. पण ज्या इंजिनात भाऊरावांचे तीन वर्षांचे रविवार गेले, ते काढून भंगारात टाकायचे आणि रिकामा डबा वर चढवून त्याच्यापुढे लोकांनी दात काढायचे, हे मी मेल्यावरही होऊ देणार नाही.

सबब, बेंडकी कोणत्याही परिस्थितीत किसनराव माणिकराव लहाने किंवा गोकुळ किसनराव लहाने यांना मिळणार नाही. चबुतरा गोकुळचाच आहे, तो त्याने ठेवावा. त्यावर पिवळी गाडी चढवावी. ती तशीही कंपनीच्या शेडमध्ये सुट्या भागांची वाट बघत उभी आहे असे ऐकते.

कलम ५. किरकोळ

(अ) बँकेतील ठेव किती आहे ते लिहीत नाही, आकडा वाचला की माणसांचे चेहरे बदलतात. त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा. तेरावे करू नये. उरलेली रक्कम कलम ६ मध्ये ज्या व्यक्तीला गाडी दिली आहे तिला, पेट्रोल-टायरसाठी. बेंडकी पेट्रोल पिते, त्यात काही लपवायचे नाही.

(आ) पाने, जॅक, कार्बोरेटरचे सुटे भाग आणि भाऊरावांनी लेथवर करून घेतलेल्या चकत्या, हे सर्व गाडीबरोबर जाईल. वेगळे करू नये.

(इ) लाकडी पेटीत, हक्कसोड झाल्यापासून किसनरावांकडून आलेल्या साड्या आहेत. मी एकीचीही घडी मोडलेली नाही. त्या सगळ्या किसनरावांना परत द्याव्यात. माझ्या वाट्याची जमीन परत करणे त्यांना आता शक्य नाही, पण माझ्याकडून मी त्यांचे देणे पुरे करते.

(ई) वहिनींना माझे अलार्मचे टेबलावरचे घड्याळ. पाहुणी कधी निघते हे बघायला उपयोगी पडेल.

(उ) माझ्या सुतकात किसनरावांनी येऊन रडू नये. यायचेच असेल तर बसने यावे.

कलम ६. बेंडकी कोणाला

बेंडकी मी माझी भाची सौ. अश्विनी प्रेम मापारी, माहेरची लहाने, राहणार डोणगाव, हिला देत आहे. गोकुळच्या म्हणण्याप्रमाणे माहेरची वस्तू माहेरालाच जाते आहे. फक्त लेकीकडे जाते आहे, एवढाच फरक.

अश्विनी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येत असे. दहावीनंतर मी तिला ही गाडी शिकवली, डांबरी रस्त्यावर, भर सकाळी, बाजूला न सरकता. आता ती डोणगावला नवऱ्याचे बी-बियाण्याचे दुकान सांभाळते. तिच्या घरी चारचाकी आहे, ती प्रेम चालवतो. तिला येत नाही अशी तिच्या सासरी समजूत आहे आणि तिने ती कधी मोडलेली नाही.

दसऱ्याच्या दिवशी गोकुळ तिला पिवळ्या गाडीने डोणगावला सोडणार होता. ते आता होणे नव्हते, म्हणून मी तिला बेंडकीत घेतले. गावाबाहेर आलो आणि ती हळूच म्हणाली, "आत्या, मी घेऊ का जरा?" मी बाजूला सरकले. आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने सरकले. पहिल्या वळणाला तिने क्लच दोनदा दाबला, मधे वेग दिला, आणि गिअर असा पडला की मला आवाजही आला नाही. वीस वर्षांनी! मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. पोरगी मोठ्याने गात होती. तिला कळतही नव्हते की ती गाते आहे.

मी विचारले, "अश्विनी, महामार्गाच्या वक्ताले तुह्या सह्या घेतल्या नं?"

"हाव. बाबांनी बोलावलं होतं. घेतल्या."

"मंग तू काय मांगलं?"

"काहीच नाई. दादानं साडी देल्ली. चांगली होती, आत्या. पैठणी होती."

गाणे थांबले. मला राग आला. तिचा आला, तिच्या बापाचा आला, माझ्या मेलेल्या आईचासुद्धा आला. जिच्या पैशावर पिवळी गाडी घेतली त्या जमिनीत या पोरीचा वाटा होता, आणि सकाळी तीच त्या गाडीला ओवाळत होती. मी म्हटले, "ही बेंडकी मी तुले देऊन राह्यली. माह्या मागं तुही."

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच होते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "नको आत्या. दादाले पायजे ते. मी घेतली तं दादा दार बंद करीन मले. दिवाळीले मी कुठं जाऊ? माह्या पोराईले मामा कुठून आणू?" मग म्हणाली, "चालवाले मले लई आवडते. पण तू मले ते मांगाले लावू नको." आणि उतरून डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. डोणगावपर्यंत मी चालवली. घराच्या एक गल्ली आधीच तिने मला थांबवले, म्हणाली, इथून जातो पायी.

म्हणजे वाचणाऱ्याच्या लक्षात यावे, की मी ही गाडी जिला देते आहे तिने ती नको म्हणून सांगितले आहे. तरी देते. ती घाबरते आहे, तिला नको आहे असे नाही, आणि या दोन गोष्टींतला फरक तिला कोणी तरी लेखी कळवला पाहिजे.

कलम ७. घर

मेहकरचे राहते घर, मी माझ्या पगारातून बांधलेले, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची मोरी आणि गाडीची पत्र्याची शेड, हेही मी अश्विनीलाच देते. किल्ली जयमालाताईंकडे राहील. तिचे माहेर बंद झाले तर हे तिचे माहेर. दिवाळीला तिने पोरे घेऊन इथे यावे. फराळ तिला स्वतःला करावा लागेल, कोणी ओवाळायला नसेल, हे मला ठाऊक आहे. पण "कवा निंघता" असे विचारायलाही कोणी नसेल.

गाडी आणि घर घेतल्यावर तिने ते भावाला लिहून देऊ नये अशी अट मला घालायची होती. जयमालाताई म्हणाल्या, काकू, एकदा पूर्ण मालकीने दिल्यावर विकू नको, देऊ नको असे बांधून ठेवता येत नाही, ती अट कोर्टात टिकत नाही. मी त्यांच्याशी तासभर भांडले. कायदा ऐकत नाही. तेव्हा अट घालत नाही. पुढचे अश्विनीला उद्देशून लिहिते, आणि हे मृत्युपत्र वाचताना जयमालाताईंनी हे कलम किसनराव आणि गोकुळ यांच्यासमोर मोठ्याने वाचावे.

अश्विनी, माझे झाल्यावर ते तुला बोलावतील. जेवण चांगले असेल. साडी आणलेली असेल, या वेळी जरा भारीच. बाबा म्हणतील, आत्याचे डोके शेवटी ठिकाणावर नव्हते. दादा म्हणेल, भंगारासाठी भावाशी वैर करतेस का. कागद तयार असेल आणि पेनही ते देतील. तू सही केलीस तर गाडीचे इंजिन निघेल आणि बाकीची चबुतऱ्यावर चढेल, आणि मला ते थांबवता येणार नाही. सही करू नकोस असे मी तुला सांगत नाही. सांगून काय उपयोग, तुझी आजीही माझ्या शेजारीच बसली होती. फक्त पेन हातात घेतल्यावर त्या दोघांकडे बघून एक विचार: "मी सही नाई केली, अन् परवा राहाले आली, तं दार उघडसान का?"

ते काय म्हणतात ते ऐक. मग सही करायची की नाही ते तुझे तू ठरव. मी सही केली तेव्हा हे विचारले नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. जयमाला देशमाने, मेहकर, यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि जिथे जिथे राग आला तिथेही तो तसाच ठेवून खाली सही केली आहे.

ठिकाण: मेहकर, जि. बुलढाणा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

मनकर्णा भाऊराव पडघान
(सही)

साक्षीदार. लिहून देणार यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली:

१. डॉ. धम्मशीला तायडे, मेहकर (सही)

२. नागसेन सरदार, निवृत्त लाइनमन, टेलिफोन खाते, मेहकर (सही)